मापाचा दाणा: भीमथडीच्या म्हाताऱ्या तट्टाची आणि मराठ्यांच्या पागेची गोष्ट

१/ हडकलेले, वयस्क तट्टू पाहून धन्याला दया येते. तो दाण्याची पाटी भरून त्याच्यापुढे ठेवतो. दोन-तीन दिवसांत ते तट्टू जमिनीवर पाय टेकवेनासे होते. उपासाने जे मेले नाही, ते मायेने आडवे होते. हे असे का घडते आणि आपल्या पूर्वजांनी दाण्याला माप का लावले, हे या धाग्यात पाहू. कथा अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरची, भीमेच्या काठची आहे.

२/ प्रथम आजार समजून घेऊ. घोड्याच्या खुराच्या आत एक हाड असते. ते खुराच्या कवचाला असंख्य नाजूक पापुद्र्यांनी जखडलेले असते. या पापुद्र्यांना सूज आली की पकड सैल होते आणि प्राण्याच्या वजनाखाली हाड खचू लागते. पशुवैद्यक याला लॅमिनायटिस म्हणते. एकदा हा आजार झालेल्या जनावराला तो पुन्हा होण्याची धास्ती कायम राहते.

३/ कारण बहुधा खाण्यात असते. एकदम पोटात गेलेला पिष्टमय दाणा लहान आतड्यात पुरता पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो आणि त्याचे विष खुरांना बाधते. दुसरा मार्ग साखरेचा. साखरेने रक्तातील इन्सुलिन फार वाढले तरी हेच घडते. कमी चाऱ्यावर तगणाऱ्या लहान जाती आणि म्हातारपणी ग्रंथींचे विकार जडलेली जनावरे यांना हा धोका अधिक.

४/ ही ओळख आजची नाही. इ.स.पूर्व चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलने, ठाणावर बांधून खाणाऱ्या घोड्यांच्या विकारांत, जव अति खाल्ल्याने होणारा एक विकार नोंदला. ग्रीक भाषेत जवाला 'क्रिथे' म्हणतात. विकाराचे नावही त्यावरूनच पडले. रोगाचे नाव धान्यावरून पडावे, यातच त्या काळाचे निदान आले.

५/ आता हिंदुस्थानात येऊ. तेराव्या शतकाच्या अखेरीस अरबस्तान आणि इराणचे घोडे गलबतांनी आपल्या किनाऱ्यांवर उतरत. फारसी इतिहासकार वस्साफ दक्षिणेतील माबार प्रांताविषयी लिहितो: तेथे या घोड्यांना भाजलेले जव, लोण्यातले धान्य आणि उकळलेले दूध देतात, चाळीस दिवस खुंट्याला बांधून लठ्ठ करतात आणि मग एकाएकी दामटतात. थोड्याच काळात उमदे घोडे मंद आणि निकामी होतात.

६/ मार्को पोलोनेही त्याच किनाऱ्यावर घोडे मोठ्या संख्येने मरत असल्याचे लिहिले आहे. दोघेही परके प्रवासी किंवा ऐकीव माहितीवर लिहिणारे, म्हणून थोडी अतिशयोक्ती गृहीत धरू. तरीही चाळीस दिवस हालचाल नाही आणि पुढ्यात तुपालोण्याचे धान्य, हे वर्णन आजच्या कोणत्याही पशुवैद्याला अस्वस्थ करील.

७/ मोगलांच्या तबेल्यात मात्र मोजमाप होते. 'आईन-ए-अकबरी'त बादशाही खाशा घोड्याचा रोजचा शिधा शेरांत बांधून दिला आहे. त्यात दोन शेर पीठ आणि दीड शेर साखरही आहे! रोज दौडणाऱ्या, मोठ्या बांध्याच्या घोड्याला हे कदाचित पचत असेल. ठाणावर उभ्या असलेल्या लहानशा तट्टाला तोच शिधा म्हणजे विष.

८/ आणि दख्खनचे घोडे लहानच होते. भीमेच्या थडीचे, म्हणजे काठचे, ते भीमथडी. काटक, डोंगर चढणारे, कडबा आणि माळावरचे गवत खाऊन टिकणारे. श्रीगोंदा आणि कर्जत तालुक्यांच्या कडेने वाहणारी हीच भीमा. अलीकडेच राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

९/ या घोड्यांनी आपल्या भाषेतही ठाण मांडले आहे. घोड्याचा दाणा म्हणजे 'चंदी'. तो तोंडाला बांधण्याची पिशवी म्हणजे 'तोबरा'. ठरलेला रोजचा शिधा म्हणजे 'रतीब'. आज आपण दुधाचा रतीब लावतो आणि तोंडात घासांचा तोबरा भरतो. हुलग्याला, म्हणजे कुळथाला, इंग्रजीत 'हॉर्स ग्राम' म्हणतात, तेही घोड्यांच्या चंदीमुळेच.

१०/ मराठी फौजेचे वर्ष पावसावर चाले. दसऱ्याला मोहिमेस निघायचे, पावसाळ्याच्या तोंडावर छावणीस परतायचे. सभासद बखरीनुसार छावणीत दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी शाकारलेली छपरे आधीच सिद्ध असत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. थकलेल्या, उतरलेल्या घोड्यांना पुन्हा अंगावर आणायचे ते याच चार महिन्यांत.

११/ याच व्यवस्थेवर शिवाजी महाराजांचे एक विख्यात पत्र आहे. राज्याभिषेकाच्या आधीच्या काळात चिपळूण भागातील छावणीच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिले. आशय असा: पावसाळ्यासाठी साठा केला आहे. आहे तोवर बेसुमार चाराल, तर भर पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल.

१२/ पत्राची ख्याती रयतेच्या भाजीच्या देठालाही धक्का लागू न देण्याच्या भावनेसाठी आहे आणि ती योग्यच आहे. पण घोड्याच्या बाजूनेही ते वाचावे. त्यात खुरांच्या आजाराचा उल्लेख नाही. चिंता आहे ती साठ्याची. तरीही त्यातून निघणारा नियम दोन्हीकडे लागू पडतो: आज ओतू नका, रोज मोजून द्या, अखेरपर्यंत पुरवा.

१३/ या शिस्तीचे मोल कळावे म्हणून भीमाकाठी येऊ. श्रीगोंदा तालुक्यातील पेडगावचा बहादूरगड ही मोगल सुभेदार बहादूरखानाची छावणी. यदुनाथ सरकारांच्या वर्णनानुसार जुलै १६७४ मध्ये मराठ्यांच्या एका तुकडीने खानाला दूर खेचले आणि दुसरीने छावणी लुटून एक कोटींचा ऐवज व २०० उत्तम घोडे नेले. भर पावसाळ्यातले २०० घोडे म्हणजे पागेत २०० नवी तोंडे!

१४/ काळ पालटला. विसाव्या शतकात घोडदळाच्या पलटणी रणगाड्यांवर गेल्या. आज नगर हे भारतीय चिलखती दलाचे प्रशिक्षणकेंद्र आहे आणि तेथील रणगाडा संग्रहालय प्रसिद्ध आहे. 'पूना हॉर्स' या पलटणीच्या नावात घोडा उरला. पागा, मोतद्दार आणि त्यांची मापे मात्र विस्मृतीत गेली.

१५/ घोडे राहिले ते धनगरांच्या वाड्यावर. जामखेड तालुक्यातील चोंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव. त्यांच्याच समाजातील मेंढपाळ आजही घोड्यावर बिऱ्हाड लादून पावसाळ्यानंतर बाहेर पडतात आणि पावसाच्या सुमारास परततात. पंचांग तेच, जे मराठी फौजेचे होते. म्हणून प्रश्नही तोच: आठ महिने चालून उतरलेले म्हातारे तट्टू पुन्हा कसे भरावे?

१६/ उत्तराची सुरुवात दाण्याने नव्हे, दातांनी होते. म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजतात आणि चारा चावला न जाता बाहेर पडतो. म्हणून आधी पशुवैद्याकडून दात आणि जंत तपासावेत. चारा बारीक कापून भिजवून द्यावा. वाळले गवत अर्धा ते एक तास पाण्यात ठेवून ते पाणी फेकून दिल्यास साखरेचा अंश उतरतो.

१७/ माप असे: दिवसाचा सुका चारा वजनाच्या सुमारे २ टक्के. २०० किलोच्या तट्टाला ४ किलो, चार-पाच वेळांत विभागून. अधिक ताकद दाण्याऐवजी तेलातून द्यावी. चमचाभरापासून आरंभ करून दोन-तीन आठवड्यांत १०० मिलिलिटरपर्यंत न्यावे. कोणताही बदल १० ते १४ दिवसांत हळूहळू करावा. हरभरा आणि हुलगा जव-मक्यापेक्षा बरे, पण पिष्ट त्यांतही आहेच.

१८/ नगर हा साखरेचा जिल्हा. सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरेच्या काठी १९५० च्या सुमारास घातला गेला. त्यामुळे उसाचे वाढे आणि गूळ सहज हाताशी असतात. अशा तट्टाला गूळ मुळीच देऊ नये, वाढ्यांवरही पोसू नये. पहिल्या पावसाच्या कोवळ्या हिरवळीवर ते दिवसभर मोकळे सोडू नये.

१९/ खूर गरम लागले, खुरावरची नाडी जोराने उडू लागली किंवा जनावर पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलू लागले, तर दाणा तत्काळ बंद करावा, त्याला मऊ जमिनीवर उभे करावे, चालवू नये आणि पशुवैद्याला बोलवावे. एरवी दर पंधरा दिवसांनी छातीचा घेर सुतळीने मोजून गाठ मारावी. गाठी संथपणे सरकल्या पाहिजेत.

२०/ इतिहासात आपण घोड्यांच्या दौडी मोजतो, चंदीची मापे मोजत नाही. पण दौड मापावरच उभी होती. तुमच्या गावात घोडा पाळणारे कोणी ज्येष्ठ असतील, तर त्यांना विचारा: चंदी किती, केव्हा, भिजवून की कोरडी? उत्तर लिहून ठेवा. बखरीत न उतरलेले हे ज्ञान त्यांच्यासोबतच संपेल.