वऱ्हाडातील मुखशुद्धीची परंपरा : एक ऐतिहासिक टिपण

बडनेरा-अमरावती परिसरात कडुनिंब व बाभळीच्या काडीने दात घासण्याची प्रथा जुनी आहे. मेळघाटातील कोरकू रानातला मध गोळा करीत आले आहेत. वनस्पती व मधापासून जंतुरोधक गुळणीचे द्रव बनविण्याच्या आजच्या संशोधनास ही पार्श्वभूमी आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात तोंडात द्रव खेळविणे म्हणजे कवल आणि न हलविता तोंड भरून धरणे म्हणजे गंडूष, असा भेद केला असून मधाचा गंडूष मुखव्रणावर सांगितला आहे. लिस्टरीन १८७९ चे, म्हणजे फारच अलीकडचे. मात्र ग्रंथातील उल्लेख हा प्रयोगसिद्ध पुरावा नव्हे, याचा आपल्याकडील अभ्यासकांना (अभिमानाच्या भरात) अनेकदा विसर पडतो. पाणी मिसळल्यावर मधातील विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, हे खरे. पण त्याच मधातील साखर दातांना अपायकारक ठरू शकते. मध किती पातळ करावा व किती वेळ तोंडात धरावा, हे प्रयोगशाळेतच ठरावे लागेल.