रहस्य उलगडल्यावर काय उरते?

कीर्तनास बसलेल्या श्रोत्याला कथेचा शेवट आधीच ठाऊक असतो. रावण मरणार, पांडव जिंकणार, हरिश्चंद्राचे सत्त्व टिकणार, यांविषयी कोणाच्या मनात तिळमात्र शंका नसते. तरीही बुवांनी आख्यान लावले की सभामंडप भरतो आणि रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग आला की शेकडो वेळा ती कथा ऐकलेल्या आयाबायांचे डोळे पाणावतात. रहस्यपटाची गोष्ट याच्या नेमकी उलट समजली जाते. तेथे शेवट झाकलेला असतो, आणि तो कोणी आधी सांगून टाकला तर तिकिटाचे पैसे वाया गेले असे प्रेक्षक मानतो. देवळाच्या ओसरीवर वाढलेल्या आमच्या रसिकतेने या कलाप्रकाराकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? खून, चौकशी आणि फसवणूक यांच्या कथांत आपल्यासारख्यांनी घेण्याजोगे काही आहे काय? या प्रश्नाचा थोडा ऐतिहासिक विचार येथे करावयाचा आहे. कोणत्याही चित्रपटाचे रहस्य आम्ही फोडणार नाही, एवढे अभय वाचकांनी प्रारंभीच घ्यावे.

हा विचार आम्ही मोहगावच्या बाजूने करीत आहोत, त्यास कारण आहे. सौंसर तालुक्यातील मोहगाव हे अर्धनारीश्वराच्या देवस्थानामुळे भाविकांच्या परिचयाचे आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही या मुलखाची राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याबरोबर सौंसर व पांढुर्णा येथील मराठी माणूसही तेथेच राहिला. २०२३ मध्ये हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, अशा दुहेरी संसारात राहणाऱ्या या प्रेक्षकाला एकच गोष्ट दोन भाषांत पाहण्याचा योग इतरांहून अधिक येतो. आणि रहस्यकथेची खरी पारख अशा दुसऱ्या भेटीतच होते, असे आमचे मत आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, गुन्हा आणि न्याय हा विषय आपल्या रंगभूमीला नवा नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात नवव्या अंकात न्यायालय उभे राहते. निर्मळ वृत्तीच्या चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप येतो, एकेक पुरावा त्याच्याच विरुद्ध जातो, आणि दहाव्या अंकात चांडाळ त्याला वधस्थानाकडे नेऊ लागतात. आता येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वसंतसेनेचा गळा कोणी दाबला हे प्रेक्षकाने आदल्या अंकात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याच्यापासून अपराधी लपविलेला नाही. सत्य आपल्याला दिसते, परंतु ते न्यायाधीशाला दिसत नाही, या जाणिवेने जीव टांगणीस लागतो. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले तेव्हा आमच्या आजापणजांनी हीच घालमेल अनुभवली. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’तही चाणक्याची खेळी प्रेक्षकाला बरीचशी कळत जाते, तरीही पुढील अंकाची उत्सुकता तिळभर कमी होत नाही. विसाव्या शतकात आल्फ्रेड हिचकॉक या इंग्रज दिग्दर्शकाने हाच भेद आपल्या परीने मांडला. मेजाखाली ठेवलेला बाँब अवचित फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बाँब तेथे आहे हे त्याला आधी ठाऊक असेल, तर मेजाभोवतीच्या साध्या गप्पाही त्याला असह्य होतात.

छापील मराठीत मात्र रहस्य आले ते झाकल्या शेवटाचे वळण घेऊन. बाबुराव अर्नाळकर यांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, धनंजय आणि काळा पहाड हे नायक वाचनालयांतून घरोघर पोचले. त्यांच्यामागून आलेले गुरुनाथ नाईक मूळचे गोमंतकातले. त्यांनीही हजारावर पुस्तके लिहिली. पंडितांनी या वाङ्मयाला पंक्तीत पाट दिला नाही, हे खरे. तथापि ज्या घरांत पोथीखेरीज दुसरे पुस्तक नव्हते, तेथे वाचनाची गोडी या स्वस्त पुस्तकांनी लावली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. त्यांचा दोष वेगळा होता. एकदा शेवट कळला की ते पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे, परत उघडावयाचे नाही, असेच बहुधा घडे.

पडद्यावर या मर्यादेच्या पलीकडे जाणारा चित्रपट म्हणून आम्ही राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’चे नाव घेऊ. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून तो १९६४ मध्ये निघाला. पत्नीच्या निधनाने खचलेला एक प्रतिष्ठित गृहस्थ, आणि आपणच ती पत्नी आहोत असे सांगणारी, आरोपी म्हणून पकडलेली एक स्त्री, इतकेच कथाबीज सांगणे योग्य. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, राज खोसला यांनी त्याच कथेवर ‘मेरा साया’ हा हिंदी चित्रपट काढला. साधना आणि सुनील दत्त यांच्या त्या चित्रपटाची गाणी देशभर गाजली. मराठी चित्रपट आधी पाहिलेल्या प्रेक्षकाला हिंदीतला शेवट अर्थातच ठाऊक असतो. मग तो काय पाहतो? तो नवऱ्याचा चेहरा पाहतो. या माणसाला सत्य हवे आहे की आपल्या स्मृतीतली मूर्ती अभंग राहावयास हवी आहे, हा प्रश्न पहिल्या वेळी उत्सुकतेच्या गर्दीत हरवतो. दुसऱ्या वेळी तोच समोर येतो. ‘पाठलाग’चे मोठेपण आम्हांस तेथे दिसते.

१९७६ चा ‘हा खेळ सावल्यांचा’ हा वसंत जोगळेकरांचा चित्रपट यापुढे थोडा उणा वाटतो. जुना वाडा, भयाने ग्रासलेली तरुणी आणि तिच्या मनाचा ठाव घेऊ पाहणारा पुरुष अशी त्याची मांडणी आहे. आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर यांची कामे मनावर ठसतात. हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत तर चित्रपटाहून दीर्घायुषी ठरले. पण उलगडा झाल्यावर मागे गाणी राहतात, प्रश्न राहत नाही.

जो प्रश्न राहतो, तो ‘सामना’ने विचारला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. साखर कारखान्याच्या बळावर गाव मुठीत ठेवणाऱ्या हिंदुराव धोंडे पाटलाच्या दारी एक भणंग, व्यसनी मास्तर येऊन पडतो आणि मारुती कांबळेचे काय झाले, एवढेच विचारू लागतो. निळू फुले आणि श्रीराम लागू यांची ती जुगलबंदी मराठी माणूस विसरणार नाही. येथे अपराधी शोधण्यास हुशार हेराची गरज नाही. गावाला बरेच काही ठाऊक असते. ठाऊक असून बोलावयाचे नाही, हाच तेथला खरा गुन्हा आहे.

हे वाचताना पांढुर्ण्याच्या वाचकाला जांब नदीची आठवण व्हावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर ध्वज लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन्ही काठांवरून गोटमार सुरू होते. परंपरेच्या मुळाशी एका प्रेमी युगुलाची दंतकथा सांगतात. ध्वज शेवटी चंडीमातेच्या चरणी अर्पण होतो. या गोटमारीत वर्षानुवर्षे शेकडो माणसे जखमी झाली आहेत, काहींनी प्राणही गमावले आहेत. परंतु जो दगड वर्मी बसला तो कोणत्या हाताने फेकला, हे कोण सांगणार? देवीवरील श्रद्धेविषयी आमच्या मनात आदरच आहे, आणि तो असल्यामुळेच हे लिहावेसे वाटते. रहस्यपटात खुनी एकच असतो आणि तो सापडला की बाकीचे सारे निर्दोष ठरून घरी जातात. ही त्या प्रकारातली सर्वांत मोठी सोय आणि सर्वांत मोठी लबाडी आहे. ‘सामना’ने ती सोय नाकारली. जमावाचा अपराध हा कोणाचाच नसतो असे नव्हे, तो प्रत्येकाचा थोडा थोडा असतो, ही गोष्ट त्या काठांवर उभ्या राहणाऱ्यांना निराळी समजावून सांगण्याची गरज नसावी.

यापुढे खऱ्या गुन्ह्यांवरील चित्रपटांचा प्रश्न येतो. १९७६-७७ मध्ये पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड घडले आणि सारे शहर भीतीने दारे लावून बसले. १९८३ मध्ये चार आरोपींना फाशी झाली आणि १९८६ मध्ये त्या घटनांवर आधारलेला ‘माफीचा साक्षीदार’ पडद्यावर आला. नाना पाटेकरांचा त्यातील अभिनय अंगावर काटा आणतो, यात वाद नाही. पण जे शोक अद्याप घराघरांत ताजे होते, त्यांचा खेळ करावा काय, ही शंकाही सोडवत नाही. अशा चित्रपटात मारणारा ठसठशीत होतो आणि मेलेली माणसे केवळ संख्या होऊन राहतात. आमच्या मते, मृताचे माणूसपण ज्यात उरत नाही तो चित्रपट कितीही वेधक असला तरी उणाच.

अलीकडच्या चित्रपटांपैकी गोमंतकीय वाचकांच्या जवळचा म्हणजे निशिकांत कामत यांचा २०१५ चा हिंदी ‘दृश्यम्’. जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळी चित्रपटावरून तो घेतलेला असला, तरी त्याला गोव्याची भूमी आणि विजय साळगावकर हे अस्सल गोमंतकीय नाव मिळाले. कुटुंबावर आलेले संकट परतविण्यासाठी एक सामान्य केबलवाला किती दूर जातो, हा त्याचा विषय. त्यात एका सत्संगालाही स्थान आहे, याहून अधिक सांगणे उचित नव्हे. चित्रपट पाहताना आपण सारे न्यायाच्या विरुद्ध बाजूला कधी जाऊन बसलो हे कळतही नाही, आणि घरी परतताना ते कळल्यावर मन अस्वस्थ होते. ही अस्वस्थता आम्ही त्याच्या गुणांत धरतो. २०२२ चा दुसरा भाग कुशलतेने बांधलेला आहे, परंतु त्यात कौशल्याचे कौतुक वाढले आणि मनाची टोचणी कमी झाली.

मराठीत परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ २०२३ मध्ये आला आणि पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. पत्नीचा काटा काढण्याचा काळजीपूर्वक आखलेला बेत आणि त्या बेताची होत जाणारी फजिती, असा त्याचा घाट आहे. प्रेक्षक हसतो, आणि आपण कशाला हसलो याची त्याला हळूहळू लाज वाटू लागते. पाप आतून पोखरते, हे आपल्या कीर्तनकारांचे जुनेच सांगणे, परंतु ते उपदेशाचा शब्दही न उच्चारता येथे सांगितले गेले आहे. छत्रपाल निनावे यांचा ‘घात’ २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. माओवाद्यांच्या छायेतील अरण्यात तो घडतो. त्यात विश्वास ठेवावा कोणावर, हाच प्रश्न सर्वांना छळतो. त्याची गती संथ आहे, ती सोसण्याची तयारी ठेवूनच तो पाहावा.

शेवटी शिष्टाचाराविषयी दोन शब्द. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘माउसट्रॅप’ नाटकानंतर प्रेक्षकांना रहस्य मनात ठेवण्याची विनंती करण्यात येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक ती पाळीत आले आहेत. आपणही ती पाळावी. शेजाऱ्याचा आनंद राखणे हा लहानसा धर्मच आहे. परंतु मौन राखावयाचे ते कथेच्या शेवटापुरते. मारुती कांबळेच्या गावाने राखले तसले मौन निराळे, आणि त्याला शिष्टाचार म्हणत नाहीत.

सारांश, रहस्यपट हा देवळाच्या संस्कृतीला वर्ज्य असण्याचे कारण नाही. निवड मात्र कीर्तनाच्याच कसोटीने करावी. शेवट ठाऊक असूनही जो पुन्हा पाहावासा वाटतो आणि प्रत्येक वेळी आपल्याच मनाची एखादी अंधारी खोली उघडून दाखवितो, तो चित्रपट खुशाल सहकुटुंब पाहावा. मुलांनी बाहेर पडताना खुनी कोण हे विचारले तर पडद्यावर दिसलेले उत्तर त्यांना ठाऊक असतेच. त्यापुढचा प्रश्न, हे घडत असताना बाकीचे काय करीत होते, हा वडीलधाऱ्यांनी विचारावा आणि घरी पोचेपर्यंत त्यावर बोलत राहावे.