बिनबोटी हातमोजे (क्रोशाचे)
मनगट व तळवा झाकून बोटांची टोके उघडी ठेवणारे लोकरीचे हातमोजे. थंडीत लिहिताना किंवा वाद्य वाजवताना सोयीचे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपीय स्त्रिया असे जाळीदार मोजे शोभेसाठीही वापरीत.

विणकामास साधारण ४ ते ५ मिमी. जाडीची सुई घेतात. मनगटाची पट्टी आधी आडवी विणतात : टाक्याचा फक्त मागचा धागा उचलून मुके खांब घातले, की तिला सऱ्या पडतात आणि ती ताणून पुन्हा आवळते. मग तिच्या कडेवरून गोलाकार अर्धे खांब घालतात. अंगठ्यापाशी काही टाके सोडून साखळी नेली, की भोक तयार होते. वीण घट्टच हवी. उंच खांबांच्या फटींतून वारा शिरतो. कडाक्याच्या थंडीत बोटांवर ओढता येणारे झाकण जोडलेला प्रकार सर्वांत उपयुक्त.