शर्यतीतील पगारी सोबती

लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीत पैसे घेऊन दुसऱ्याच्या यशासाठी राबणारा स्वार ही अलीकडच्या व्यावसायिक संघांची निर्मिती आहे, असा समज सर्वसाधारणपणे आढळत असला, तरी फ्रान्समध्ये या शर्यती सुरू झाल्या तेव्हापासूनच हा पेशा तेथे रूढ होता आणि प्रारंभी त्यात लपवण्याजोगे कोणालाच काही वाटत नव्हते. ‘ल पती जुर्नाल’ या दैनिकाने सप्टेंबर 1891 मध्ये भरवलेल्या सुमारे 1200 किलोमीटरच्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस शर्यतीत प्रत्येक स्पर्धकाला दहापर्यंत पगारी ‘पेसर’ नेमण्याची उघड मुभा होती. पेसर म्हणजे स्पर्धकाच्या पुढे राहून वारा अंगावर घेणारा स्वार; त्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालणाऱ्याचे श्रम सपाट रस्त्यावर बरेच कमी होतात. या शर्यतीत तिसऱ्या रात्री झोपलेल्या झिएल-लावाल या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकून 71 तास 22 मिनिटांत विजयी झालेल्या शार्ल तेराँच्या पाठीशी मिशलँ ही टायर कंपनी होती, तर झिएल-लावाल डनलॉपच्या टायरवर धावत होता. सोबत्यांचा ताफा पोसणे ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हतेच.

‘लोतो’ या क्रीडादैनिकाचा संपादक आंरी देग्रांज याने 1903 मध्ये ‘तूर द फ्रांस’ सुरू केली, तेव्हा एकट्या माणसाच्या ताकदीची आणि चिकाटीची कसोटी हे तिचे ध्येय ठरवले आणि पेसरची प्रथा मोडून काढण्याचा चंग बांधला. परंतु पुढे चालणाऱ्या पेसरला मनाई करणे सोपे असले, तरी बरोबरीने चालणारा स्पर्धकच दुसऱ्याचा चाकर असेल, तर त्याला ओळखायचे कसे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

त्याचा नमुना 1907 मध्ये दिसला. आंरी पेपँ या सधन हौशी स्वाराने झाँ दार्गासी आणि आंरी गोबाँ या दोन अनुभवी स्पर्धकांना केवळ आपल्या सोबतीसाठी मोबदला देऊन बरोबर घेतले. दार्गासी हा ग्रिझोलचा लोहार असून 1903 च्या पहिल्याच तूरमध्ये तो अकरावा आला होता. त्या काळी निकाल वेळेवर नव्हे, तर गुणांवर, म्हणजे प्रत्येक टप्प्यातील क्रमांकांच्या बेरजेवर लागत असल्यामुळे रेंगाळण्याने फारसे बिघडत नसे, आणि हे त्रिकूट वाटेतल्या खाणावळींचा समाचार घेत सावकाश चालले, असे सांगितले जाते. पुढे पेपँने शर्यत अर्ध्यावरच सोडली. नंतरच्या लेखकांनी या कथेला बरेच तिखटमीठ लावले आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही मूळ करार सर्वांदेखत झालेला होता आणि पेपँ जिंकण्याची सुतराम शक्यता नसल्याने तो कोणाला खुपण्याचे कारण नव्हते.

मोरिस ब्रोकोची गोष्ट वेगळी ठरली. 1911 च्या तूरमध्ये स्वतःची आशा संपल्यावर त्याने आपले पाय इतरांना भाड्याने देऊ केले आणि 1909 चा विजेता फ्रांस्वा फाबेर मुदतीबाहेर जाऊन बाद होण्याच्या बेतात असता त्याला ओढत अंतिम रेषेपर्यंत आणले. सौद्याचा पुरावा हाती नसल्याने देग्रांजला कारवाई करता येईना. म्हणून त्याने आपल्या पत्रात ब्रोकोला ‘दोमेस्तीक’, म्हणजे घरगडी, असे हिणवले, आणि हाच शब्द पुढे या पेशाचे रूढ नाव झाला. लुशों ते बायोन या 326 किलोमीटरच्या डोंगराळ टप्प्यात ब्रोकोने त्याला उत्तर दिले. देग्रांज पाळतीवर असताना तो तूरमाले घाटात आघाडीवरच्या गारिगू या स्पर्धकाशेजारी चालत, निदान याच्या सोबतीला तरी राहण्याची परवानगी आहे काय, असे खोचकपणे विचारत राहिला आणि शेवटी सर्वांना मागे टाकून 34 मिनिटांच्या फरकाने पहिला आला. एवढी ताकद अंगात असूनही इतके दिवस ती राखून ठेवली, हाच देग्रांजच्या लेखी सौद्याचा पुरावा ठरला आणि ब्रोकोची हकालपट्टी झाली. या तर्काला बिनतोड म्हणावे की आडमुठा, हे ठरवणे कठीण आहे.

सायकल कंपन्यांच्या संगनमताला वैतागलेल्या देग्रांजनेच 1930 मध्ये तूरमध्ये राष्ट्रीय संघ आणले आणि नायकासाठी राबणे नियमात बसवले. 1934 मध्ये वीस वर्षांच्या रने व्हिएतोने आपले चाक काढून नायक आंतोनँ मान्य याला दिले आणि मदतीची गाडी येईपर्यंत तो रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून राहिला, त्या क्षणाच्या छायाचित्राने घरगड्याला लोकांच्या कौतुकाचा विषय बनवले. मोबदल्याची रीतही स्थिरावली: सोबत्यांना संघाकडून ठरलेला पगार मिळू लागला आणि विजेत्याने बक्षिसाची रक्कम त्यांच्यात वाटून टाकावी, असा संकेत पडला.