थकलेला खंड आणि एक नवा शब्द

खंड थकला की कुळाला घराबाहेर काढावे, ही एकोणिसाव्या शतकातील आयर्लंडच्या जमीनदारांची रीत. १८८० साली मेयो परगण्यात हंगाम वाईट गेले होते. लॉर्ड अर्न खंडात १० टक्के सूट द्यायला राजी होता. कुळांनी २५ मागितली. वाद अवघ्या १५ टक्क्यांचा! तरीही त्याचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याने खंड न भरणाऱ्या ११ कुळांविरुद्ध जमीन सोडण्याच्या नोटिसा मिळवल्या.

मग त्याच्याकडे कुणी राबेना, दुकानदार माल देईना. आपल्याकडे गाव दुबळ्याला वाळीत टाकी. येथे दुबळ्यांनी मालकाच्या माणसाला टाकले. अखेर अल्स्टरमधून ५० स्वयंसेवक आणावे लागले. सुमारे ५०० पौंडांचे पीक काढण्यासाठी बंदोबस्ताचा खर्च १०,००० पौंडांच्या घरात गेला. डिसेंबरमध्ये बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

या शस्त्राला नाव काय द्यावे? ‘ऑस्ट्रसिझम’ हा शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून तेथील धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांनी कारभाऱ्याचे आडनावच सुचवले, असे पत्रकार जेम्स रेडपाथने नोंदवले आहे. १८८१ च्या कायद्याने वाजवी खंड ठरवण्याचा अधिकार न्यायालयाकडे गेला.