औंढ्याच्या जत्रेत ‘डान्स डान्स’

तिकीट मुठीत घट्ट धरा आणि अंग सैल सोडा. मागून रेटा आला की चालायची गरज उरत नाही, गर्दीच तुम्हाला कनातीच्या आत नेऊन टाकते. साल 1988. गाव औंढा नागनाथ, महाशिवरात्रीची जत्रा. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातला एक तालुका आहे. दिवसभर तुम्ही दर्शनाच्या बारीत उभे होता, कपाळावरचं गंध घामानं ओघळलंय, पोटात मूठभर भगर आणि आंबट कवठ एवढंच. आता रात्र झालीय आणि टुरिंग टॉकीजच्या तंबूत लागलाय ‘डान्स डान्स’.

बसा. खालीच बसा, इथं खुर्च्या नाहीत. कापणी झालेलं रान आहे, धसकटं टोचतील, टॉवेल अंथरा. बिडीचा धूर, डिझेलचा वास, कुणाच्या तरी डोक्याचं खोबरेल, कागदात बांधलेली गोडीशेव, सगळं एकदमच नाकात शिरतं. दिवसा अंग भाजत होतं, आता मात्र जमिनीतून गारठा वर चढतोय. शेजाऱ्याचा गुडघा तुमच्या मांडीत रुतलाय आणि त्याला त्याचं काही नाही.

जागा मिळालीय ती पडद्याच्या मागे. पुढची बाजू भरली की मागची उघडतात. कापड पातळ, चित्र स्वच्छ दिसतं, फक्त उलटं. मागे बसण्यात औंढ्यात कसला कमीपणा! नामदेवांचं कीर्तन ऐकायला इथलं अख्खं देऊळ फिरलं म्हणतात, आणि नंदी तेव्हापासून देवळाच्या मागेच आहे.

नावं सुरू झाली. आरशात पाहिल्यासारखी अक्षरं, तुम्हाला एकही लागत नाही. पण पुढ्यातल्या पोराला वाचायची गरजच नाही. कानावर केस, मानेवर झुलपं, थेट मिथुनकट. त्याला यादी पाठ आहे.

“मिथुन! मंदाकिनी! अमरीश पुरी! शक्ती कपूर! म्युझिक बप्पीदा!” जरा थांबून, आवाज खाली आणून, “आन् स्मिता पाटील.”

शिट्ट्या मिथुनला पडतात. चिल्लर पडद्यावर आपटून परत खाली येते आणि पोरं अंधारात ती चाचपत बसतात. मंदाकिनीचं ‘झुबी झुबी’ आलं की सगळा तंबू डुलतो, बांबू करकरतात. बाईचा एक आवाज कानावर पडतो आणि बायकांची बाजू वेगळी करणाऱ्या दोराच्या पलीकडची मावशी ओरडते, “अगं, ही तर आपली रेडिओवरली उत्तरा केळकर!” खरंच, त्यांचाही आवाज आहे या पिक्चरमध्ये.

मग अंधार. मशीन एकच, रीळ संपलं की थांबायचं. जनरेटरची धडधड तेवढी उरते, आणि आता खरा खेळ सुरू होतो.

“स्मितानं कामून केला असा पिक्चर?” धोतरातले एक मास्तर म्हणतात. “‘उंबरठा’ पाहिलाय का तुम्ही? ‘जैत रे जैत’? ‘भूमिका’त हाच अमरीश पुरी होता तिच्यासंगं. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’, त्याच्यावरून घेतलेला पिक्चर. आन् इथं काय, मिथुनची बहीण!”

“मास्तर, ‘डिस्को डान्सर’मधी ओम पुरी होता की! ह्याच डायरेक्टरचा, बी. सुभाषचा पिक्चर. त्याला कुणी काय म्हणलं का?”

“त्याचं वेगळं.”

“कसं काय वेगळं?”

मास्तरांना उत्तर सापडत नाही. पोरगा आता गुडघ्यांवर उभा राहिलाय. “मिथुन नाचतो ते ठीक. मंदाकिनी दिसाया चांगली. पण रडू कुणासाठी येतं, सांगा! हिच्यासाठीच ना? ही नसती तर नुसते लाईट राहिले असते.”

पोरगा बरोबर बोलतोय, असं माझं ठाम मत आहे. पिक्चर भडक आहे, गोष्ट हजारदा ऐकलेली: आईबाप मारले गेले, भाऊ-बहीण नाचत-गात मोठी झाली, सूड घ्यायचा. पण स्मितानं इथं काम हलकं केलेलं नाही. शक्ती कपूर तिचा नवरा. त्याच्यापुढे ती उभी राहते तेव्हा बघा, खांदे किंचित आत, डोळे मात्र खाली नाहीत. तो शेला-चमकीचा बाजार क्षणभर विसरायला होतो.

दोराच्या पलीकडून मावशी पुन्हा बोलते. “ती आपल्यातलीच वाटती बघा. सावळी. आमच्या जावेसारखी.” पदराखाली झोपलेलं मूल ती दुसऱ्या खांद्यावर घेते आणि विचारते, “मास्तर, तिचं लेकरू केवढं झालं असंल आता?”

मास्तर बोटांवर मोजतात. आता ते वाद घालत नाहीत.

“ती गेली तवा पंधरा दिवसाचं होतं. आता सव्वा वर्षाचं.”

मशीन घरघरतं, उजेडाचा पट्टा धुरातून पुढे येतो आणि पडद्यावर पुन्हा तीच असते. स्मिता पाटील 13 डिसेंबर 1986 ला गेली, 31 वर्षांची. ‘डान्स डान्स’ लागला त्याच्या पुढच्या वर्षी.