बाघचा ‘कोरलाइन’ चुनखडक

मध्यप्रदेशात, नर्मदेच्या खोऱ्यात असलेल्या बाघ येथील लेणी सर्वश्रुत आहेत. ती ज्या वालुकाश्मात कोरली आहेत त्याच्या वरच्या पातळीस एका लुप्त समुद्राचे चुनखडकाचे थर आढळतात. लेणी पाहणाऱ्याचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. क्रिटेशस कालखंडात, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा येथवर आत शिरला होता. प्रमथनाथ बोस यांनी १८८४ मध्ये या थरांचे खालून वर असे तीन विभाग पाडले : गाठाळ चुनखडक, देवला व चिराखान या गावांच्या नावे ओळखली जाणारी चुनमाती, आणि ‘कोरलाइन’ चुनखडक.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा. त्यामुळे तो या तिसऱ्या नावाशी अडखळला. या खडकात प्रवाळ जवळजवळ नाहीच. तो मुख्यतः ब्रायोझोआ या सूक्ष्म, वसाहत करून राहणाऱ्या प्राण्यांच्या सांगाड्यांच्या तुकड्यांचा झालेला आहे. नाव रूपसादृश्याने पडले आणि चिकटले. मराठीत त्याचे ‘प्रवाळी’ असे भाषांतर करणे म्हणजे चूक दुणावणे होय.

जीवाश्मांची साक्ष मात्र नावासारखी फसवी नाही. पी. मार्टिन डंकन यांनी १८६५ मध्ये बाघचे सी-अर्चिन आग्नेय अरबस्तानातील जीवाश्मांबरोबर अभ्यासले. बाघच्या जीवाश्मांचे साम्य अरबस्तान व युरोप यांच्याशी आहे. एकाच द्वीपकल्पातील त्रिचनापल्लीच्या थरांशी ते फारसे जुळत नाहीत. यावरून त्या दोन समुद्रांच्या मध्ये जमिनीचा अडसर होता, असे अनुमान करण्यात आले. पुढे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्याने हे सारे झाकले. जेथे झीज होऊन तो निघून गेला, तेथेच हा समुद्रतळ पुन्हा उघडा पडला आहे.